'पूर्वीपासून असंच आहे' असं कोणी म्हटलं की ते तपासायचं कसं

फॅमिली ग्रुप असो, कट्टा असो की कॉलेजची डिबेट, एक वाक्य हमखास येतं, की बाई अशी आणि पुरुष असा हे जगात सगळीकडे पूर्वीपासून ठरलेलं आहे. मग समोरून तेवढंच घाईचं उत्तर येतं की पूर्वी सगळी मोकळीकच होती, हे नंतर कोणीतरी लादलं. दोन्ही तपासता येतं आणि त्याला इतिहासाची डिग्री लागत नाही. मी ज्या क्रमाने बघते तो सांगते.

आधी 'जगात सगळीकडे' सोडून द्या. एक प्रांत पकडा, एक काळ पकडा. समजा उत्तर अल्बेनियाचा डोंगराळ भाग, साधारण १९०० च्या आसपासचा.

आता पहिला प्रश्न, जमीन आणि घर कोणाच्या नावावर जातं? माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती याच प्रश्नातून हाती लागते. त्या डोंगरात 'कानून' नावाचे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेले नियम होते, त्यानुसार वारसा फक्त पुरुषाला. आणि त्याच नियमांत खुनाचा बदला खुनाने, त्यामुळे एखाद्या घरातले सगळे पुरुष मारले जायचे आणि मागे घर चालवायला कोणी उरायचं नाही. मग त्या घरातली एखादी मुलगी गावातल्या बारा जाणत्या माणसांसमोर शपथ घ्यायची की मी आयुष्यभर लग्न करणार नाही, कायम एकटी राहीन. तिथून पुढे ती केस कापायची, पुरुषांचे कपडे घालायची, बंदूक बाळगायची, पुरुषांच्या बैठकीत बसून तंबाखू ओढायची, घराची कर्ती व्हायची आणि गाव तिला पुरुषाचाच मान द्यायचं. याला म्हणतात बुर्नेशा. काही मुलींनी तर नको असलेलं ठरलेलं लग्न टाळायला ही शपथ घेतली, कारण तसं केलं की नवऱ्याकडच्यांचा अपमान झाला असं धरत नसत.

इथे लगेच 'वा, किती पुढारलेले लोक' म्हणू नका प्लीज. एक बाई पुरुष झाली, पण मालक पुरुषच असणार हा नियम जागचा हलला नाही, उलट पक्का झाला, आणि किंमत तिनेच मोजली. पुढे कम्युनिस्ट राजवटीत खाजगी जमीनच राहिली नाही, मुली शाळेत आणि कामावर जायला लागल्या, शपथेची गरज कमी होत गेली. आता मोजक्या वयस्कर बुर्नेशा उरल्यात.

हाच प्रश्न इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांना लावा. तिथे वाडवडिलांचं घर आणि शेती आईकडून मुलीकडे जाते, नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, आणि मालमत्तेवर देखरेख मामाची. तरुण मुलं नशीब काढायला बाहेरगावी जातात. हे लोक पक्के मुसलमान आहेत बरं का. अल्बेनियाच्या डोंगरात कानून मानणाऱ्यांत कॅथलिकही होते आणि मुसलमानही. म्हणून कोणी 'त्यांच्या धर्मातच तसं आहे' असं एका वाक्यात मिटवलं की थांबून वारसाहक्क बघायचा, बऱ्याचदा धर्म एक आणि नियम उलटे निघतात.

दुसरा प्रश्न, नियम केला कोणी आणि बदलायचा ठरला तेव्हा मत कोणी दिलं? न्यूझीलंडमध्ये बायकांना मतदानाचा हक्क १८९३ ला मिळाला. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ ला, बायका मत देत होत्या. आणि स्वित्झर्लंड, ज्याला आपण एवढं प्रगत मानतो, तिथे देशपातळीवर १९७१ उजाडलं कारण त्यासाठी सार्वमत घ्यावं लागायचं आणि मतदार सगळे पुरुष. त्यातही आपेन्झेल इनररोडन नावाच्या छोट्या प्रांतात उघड्या मैदानात हात वर करून मतदान होतं, पुरुष मतदार असल्याची खूण म्हणून कमरेला तलवार किंवा कट्यार लावून येतात. तिथल्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलमध्येही बायकांना नाहीच म्हटलं, शेवटी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टाला निकाल द्यावा लागला. देश श्रीमंत म्हणजे विचार पुढचे हे समीकरण डोक्यातून काढायला एवढं एक उदाहरण पुरे.

तिसरं, कागद कोणी लिहिलाय ते बघा. मुघल दरबारात ख्वाजासरा, म्हणजे खोजे (नपुंसक केलेले पुरुष), मोठमोठ्या जबाबदाऱ्या सांभाळायचे. ब्रिटिशांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदणी घातली, बायकी कपड्यात चारचौघांत दिसणं, नाचगाणं करणं यालाच शिक्षा. नुसती त्यानंतरची पोलीस दफ्तरं वाचली तर ही माणसं फक्त संशयित म्हणूनच दिसणार. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथी म्हणून स्वतःची ओळख सांगायचा हक्क मान्य केला, म्हणजे मधली जवळजवळ दीडशे वर्षं कोणाच्या नजरेने लिहिली गेली हे डोक्यात ठेवूनच वाचा.

एकसारखी दिसणारी गोष्ट दोन ठिकाणी सापडली तर कारण वेगळं आहे का तेही बघत चला. जपानमध्ये १६२९ ला सरकारने बायकांना काबुकी या पारंपरिक नाटकाच्या रंगमंचावर बंदी घातली म्हणून पुरुष स्त्रीभूमिका करायला लागले. आपल्याकडे तशी सरकारी बंदी नव्हती, घरंदाज बाईने स्टेजवर जायचं नाही ही समाजाची भीती होती. आणि तरी बालगंधर्वांसारखं लुगडं नेसायचं, तसे दागिने घालायचे ही फॅशन घरंदाज बायकांनीच उचलली! सामोआतले फाआफाफिने आणि मेक्सिकोतल्या हुचितान गावचे मुशे, म्हणजे जन्माने पुरुष पण बाईसारखं किंवा दोन्हींच्या मधलं जगणारी माणसं, यांनाही एकाच गठ्ठ्यात टाकू नका, ती माणसं आज हयात आहेत, ती स्वतःबद्दल काय बोलतात ते आधी ऐका.

सराव करायचा तर घरापासून करा. गावच्या जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार काढा. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्याखाली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. त्याआधी आणि त्यानंतर आजी, आत्या, बहिणी यांची नावं कुठे लागली, कुठे कमी झाली, हक्कसोड पत्र कोणत्या साली झालं ते तारखेसकट लिहून काढा, आणि आत्या असेल तर तिलाच विचारा की सही करताना तिला कोणी काय सांगितलं होतं.