म्हातारी घोडी चंदी सोडायला लागली तर काय करायचं

आमच्या मैनाने चोविसाव्या वर्षी तोबऱ्यातली चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, अर्धी सोडायला सुरुवात केली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत होतं, म्हातारपणी लाडावलीय, नखरे करतेय. वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली पंचकल्याणी घोडी, आयुष्यभर समोर टाकाल ते खाणारी, आणि आता हरभरा नको, कडबा नको, लसूणघासाची फक्त पानं खाणार आणि काड्या सोडणार. मग आम्ही गूळ घातला, मग जास्त गूळ घातला, हरभऱ्याऐवजी मका आणला, मक्याऐवजी ओट आणले, दीड महिना ह्यातच गेला आणि बरगड्या मोजता यायला लागल्या.

एक दिवस गव्हाणीखाली झाडताना केराकडे नीट बघितलं. अंगठ्याएवढे हिरवट लोळे, भिजलेला काथ्या पिळून ठेवावा तसे, लाळेने चिकट, आणि आतल्या काड्या अख्ख्या. दहाबारा तरी होते. ती खात होती हो, तोंडात घेत होती, दोन्ही बाजूंना फिरवत होती आणि चावता येत नाही म्हणून टाकत होती. नखरे वगैरे काहीच नव्हतं, तिला दुखत होतं. तेव्हापासून कोणी मला म्हणालं की आमचा म्हातारा घोडा खायला कुरकुर करतो तर मी आधी विचारते, गव्हाणीखाली काय पडलंय ते बघितलं का.

म्हणून पहिलं काम, नवीन खुराक आणायच्या आधी तोंड तपासून घ्या. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात, वर्षाला साधारण २-३ मिलिमीटर, आणि चावून तेवढ्याच झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो त्यामुळे झीज सारखी होत नाही, वरच्या दाढांना बाहेरून म्हणजे गालाच्या बाजूला धार येते आणि खालच्यांना आतून, जिभेच्या बाजूला. ती धार गालाला आणि जिभेला कापते. पंचविशीच्या आसपास दाढेचा साठाच संपत येतो, दाढा हलतात, पडतात, आणि एक पडली की तिच्या समोरची मोकळी वाढत जाते.

घरी काय बघाल? लीद हातात घेऊन फोडा (ग्लोव्ह घाला हवं तर), त्यात बोटाच्या पेराहून लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसले तर चावणं नीट होत नाहीये. खाताना मान एका बाजूला वाकडी करते का, गार पाणी पिताना दचकते का, तोंडाला कुजका वास आहे का, एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येतो का, कारण वरच्या मागच्या दाढेच्या मुळात पू झाला की तो नाकावाटे येतो. गालावरून बाहेरूनच बोटं दाबत न्या, जिथे झटका देईल तिथे काहीतरी आहे. पण हात आत घालू नका, मागच्या दाढांमधे बोट सापडलं तर ते तुटतं. डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देऊन, जबडा उघडा ठेवायचं लोखंडी साधन लावून कानशीने दाढा घासतात. विशी ओलांडलेल्या घोड्याचं तोंड दर सहा महिन्यांनी दाखवावं असं माझं ठाम मत आहे, आणि डॉक्टर घोड्यांच्या दातांचं काम नेहमी करणारे बघा, गाईम्हशींचे चांगले डॉक्टरसुद्धा हे काम सहसा करत नाहीत त्यात त्यांचा दोष नाही.

मैनाची खालची उजवी शेवटची दाढ गेलेली निघाली आणि वरची वाढून हिरडीत रुतत होती. घासल्यावर आठवड्यात फरक पडला पण कडबा काही तिला परत चावता आला नाही, आणि हे मान्य करायलाच लागतं. आता स्वाद बदलून उपयोग नाही, खाण्याचं रूप बदलायचं.

रूप बदलायचं म्हणजे बारीक करायचं आणि भिजवायचं. लसूणघास वाळवून कडबाकुट्टीतून काढा, मारवेल किंवा दुसरं कोणतं मऊ गवत असेल तेही, आणि ती कुट्टी कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, मुठीत दाबली की पाणी सुटलं पाहिजे इतकी. कोरडी बारीक कुट्टी अजिबात देऊ नका, दात नसलेलं जनावर ती न चावता भराभर गिळतं आणि घशात बोळा अडकतो, मग नाकातून हिरवं पाणी आणि अन्न यायला लागतं, ते बघवत नाही. पेलेट, म्हणजे खुराकाच्या दाबून केलेल्या गोळ्या, मिळत असतील (पुण्या-मुंबईत रेसकोर्समुळे मिळतात) तर तीही फुलून लापशी होईपर्यंत भिजवायची.

किती द्यायचं हे डोळ्याने ठरवू नका, पत्र्याच्या डब्याने तर नकोच, वजन करा. घोडीचं वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमधे, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. मैनाचा घेर १५० आणि लांबी १३५, म्हणजे साधारण २५५ किलो. त्याच्या २ टक्के कोरडं खाणं रोज, म्हणजे ५ किलोच्या आसपास. हिरव्या चाऱ्यात पाचातले चार भाग पाणीच असतं, तेव्हा तेच हिरव्यातून द्यायचं म्हटलं तर २५ किलो होईल, दात नसलेली म्हातारी तेवढं कुठून खाणार.

तिचं सध्याचं दिवसाचं असं आहे, वजनं सगळी भिजवायच्या आधीची: लसूणघासाची वाळली कुट्टी २ किलो, मारवेलाची दीड किलो, भरडून शिजवलेले जव १ किलो, रात्रभर भिजवलेला हरभरा ३०० ग्रॅम, गव्हाचा कोंडा ३०० ग्रॅम, मोठा चमचाभर मीठ आणि १०० मिली साधं गोडं तेल. तेल मी ३० मिलीपासून सुरू करून दोन आठवड्यात वाढवलं. ह्याचे चार भाग, पहाटे, अकराला, चारला आणि रात्री झोपायच्या आधी. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल दिवसभर झरत असतं, खाणं असो नसो. एकदम मोठी चंदी टाकून बारा तास उपाशी ठेवलं की अल्सर होतो आणि अल्सरवाला घोडा दाणा बघून तोंड फिरवतो, आपण म्हणतो नखरे. अंगाने लहान घोडीला एका वेळी किलोच्या वर दाणा नकोच. आणि कुठलाही बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा, जुनं कमी नवीन जास्त, आतड्यातले जंतू एका रात्रीत बदलत नाहीत.

कोंड्याबद्दल जरा सांगते कारण आपल्याकडे म्हातारं जनावर म्हटलं की कोंड्याची लापशी, हे ठरलेलंच. चव आवडते, खातात, पण कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो, नुसत्या कोंड्यावर महिनोन्महिने ठेवलं तर शरीर हाडातलं कॅल्शियम ओढतं आणि तोंडाची हाडं फुगतात. सोबत लसूणघास असला की तोल सांभाळला जातो, त्यात कॅल्शियम भरपूर. मात्र किडनी किंवा लिव्हरची तक्रार असेल तर लसूणघास किती द्यायचा ते रक्त तपासून डॉक्टरांनाच विचारा. गुळाचंही तसंच. म्हाताऱ्या घोड्यांना पिट्युटरी ग्रंथीचा आजार होतो, कुशिंग म्हणतात, उन्हाळ्यातही लांब कुरळे केस गळत नाहीत, पाणी खूप पिते, पाठीचं मांस उतरतं. अशा जनावराला गूळ, मळी, जास्त दाणा दिला तर लॅमिनायटिस म्हणजे खुरांच्या आत सूज येते, खूर गरम लागतात आणि पुढच्या पायांवर वजन टाकायला मागेना होतं. कुशिंगवर औषध आहे, त्यामुळे केस बघूनच म्हातारपण म्हणून सोडू नका.

तोंड ठीक, रूप ठीक, तरी नाक फिरवते, तेव्हा मग स्वादाकडे वळा. इंग्लंडमधे २००५ साली घोड्यांना वेगवेगळे वास लावलेला खुराक देऊन बघितला होता, त्यात मेथी सगळ्यात पुढे, मग केळं, आणि जिरंही आवडत्या आठात होतं. आपल्या प्रत्येकाच्या डब्यात असलेल्या वस्तू आहेत ह्या! मी अर्धा चमचा भाजलेली मेथीपूड लापशीवर वरून टाकते, कोमट लापशीवर टाकली की वास उठतो आणि ती लांबूनच कान टवकारते. गाजर द्यायचं तर किसून, गोल चकत्या घशात अडकतात.

औषधाची पूड चंदीत लपवू नका, हे मी चुकून शिकले. सांधेदुखीची कडू पूड हरभऱ्यात घातली, दोन दिवसांनी तिने हरभराच सोडला आणि पुढे तीन आठवडे नुसत्या हरभऱ्यालाही तोंड लावेना. शिवाय वेदना कमी करणारी ती औषधं जास्त दिवस दिली तर पोटात अल्सर करतात. औषध वेगळं, सुई काढलेल्या सिरिंजने जिभेवर, आणि खाणं वेगळं.

जागेचाही विचार करा. तरुण घोडी शेजारी असेल तर म्हातारी मागे सरते, म्हणून वेगळं बांधा पण दिसेल असं, एकटी पडली तरी खात नाही. तिला दुप्पट वेळ द्या, मैनाला एक भाग संपवायला पाऊण तास लागतो. मान आखडलेली असेल तर बादली जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या उंचीला ठेवून बघा, आमच्याकडे एवढ्या एका गोष्टीने उरणारी लापशी निम्मी झाली. थंडीत प्यायचं पाणी कोमट करा, पाणी कमी प्यायलं की कोरडं शेण आतड्यात अडकून पोट दुखतं.

पावसाळा सगळ्यात कठीण. भिजवलेली लापशी उन्हाळ्या-पावसाळ्यात तीन-चार तासांत आंबते, उरलेली काढून बादली घासून ठेवा, आंबूस वासाची बादली पुढच्या वेळीही नाकारतात. चाऱ्याला पांढरी-काळी बुरशी दिसली तर झटकून देऊ नका, टाका, बुरशीच्या मक्याने घोड्याच्या मेंदूवर परिणाम होऊन घोडा जातो. वाळला चारा मे महिन्यातच मोजून जमिनीपासून उंच रचा. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पत्र लिहिलं होतं, त्यात हेच आहे, पावसाळ्याची वैरण आत्ताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. साडेतीनशे वर्षं झाली, हिशोब तोच आहे.

आपला खुराक संपला त्या दिवशी सुद्धा गाईम्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य उसनं आणून देऊ नका. त्यातल्या काहीत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, कोंबड्यांना चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं. पाव, लग्नातला भात, बटाटे, कोबी हेही नको, माथेरान-महाबळेश्वरला पर्यटक प्रेमाने पाव देतात, त्यांना प्रेमानेच नाही म्हणा.

आणि कधी थांबायचं नाही ते सांगते. लागोपाठ दोन वेळा काहीच खाल्लं नाही, लीद थांबली, कुशीकडे वळून बघते, पायाने माती उकरते, सारखी बसते-उठते, ह्यातलं काहीही दिसलं की समोरचं सगळं खाणं काढा आणि डॉक्टरांना फोन करा. फोन करण्याआधी जबड्याखाली नाडी मोजा, मिनिटाला २८ ते ४४ ठीक, ६० च्या वर गेली तर घाईचं आहे, हिरड्यांचा रंग बघा, शेवटची लीद कधी ते आठवा, एवढं सांगितलं की डॉक्टर तयारीने येतात. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा घशात ओतू नका, फुप्फुसात जातो आणि पोटाचं दुखणं राहतं बाजूला. तट्टू आणि गाढवं तर एक दिवस उपाशी राहिली तरी रक्तात चरबी चढून लिव्हर बिघडतं, त्यांच्या बाबतीत संध्याकाळपर्यंत बघू असं म्हणू नका.

घेर दर रविवारी एकाच वेळी मोजून वहीत लिहा, डोळ्याला कळायच्या आधी टेपला कळतं, लांब केसांखाली तर डोळा फसतोच. मैनाचा जूनमधे १४३ वर आला होता, दिवाळीला १५० झाला आणि अजून तिथेच आहे.