सेंट्रल लाइनवरील कॅन्डिडाचा थर : अतिदक्षता विभागात काय करावे

मानेतील किंवा मांडीतील मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनवर, म्हणजे औषधे देण्याच्या नळीवर, कॅन्डिडा ही बुरशी चिकटली, की ती स्वतःभोवती शर्करायुक्त चिकट आवरण तयार करते आणि त्या थरापुढे फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध जवळजवळ निष्प्रभ ठरते. म्हणून लाइनची गरज रोज तपासावी व ती संपताच लाइन काढावी. प्रत्येक वापरापूर्वी हात स्वच्छ करून हबचे (नळीच्या बाहेरील जोडाचे) तोंड अल्कोहोलने घासावे आणि पूर्ण वाळू द्यावे. घाईत नेमके हेच राहून जाते.

प्रतिजैविके चालू असूनही ताप उतरत नसेल, तर लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेऊन कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवावे. रक्तात कॅन्डिडा आढळल्यास नमुना दूषित झाला असावा, असे कधीही समजू नये. कॅस्पोफंजिनसारखे एकायनोकॅन्डिन गटातील बुरशीविरोधी औषध लगेच सुरू करावे आणि संसर्गाचा उगम लाइनमध्येच वाटत असेल व ती सुरक्षितपणे काढता येत असेल, तर लवकरात लवकर काढावी; केवळ औषधावर भिस्त ठेवून लाइन वाचवणे बहुधा महागात पडते. त्यानंतर रोज किंवा दिवसाआड कल्चर करावे, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा आणि संसर्ग इतरत्र पसरलेला नसल्यास, बुरशी न आढळलेल्या पहिल्या कल्चरपासून १४ दिवस उपचार चालू ठेवावेत.