ऑनलाइन वर्गात मुलं वाचत नव्हती, शेवटी हे जमलं

तिसरीचा ऑनलाइन मराठी वर्ग. वाचन सुरू झालं की एकेक कॅमेरा बंद. पीडीएफ पाठवल्या, वाचननोंदी मागितल्या. नोंदी आल्या, वाचन नाही. फार जीव तुटायचा.

हे याच क्रमाने करा. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या गोष्टींच्या वेबसाइटवर (मोफत आहे) मराठी निवडून पहिल्या किंवा दुसऱ्या स्तराची गोष्ट घ्या. इयत्तेपेक्षा सोपीच हवी. सगळ्यांना म्यूट करा, स्क्रीन शेअर करा, स्वतः मोठ्याने वाचा. प्रत्येक चित्रावर रेंगाळा. शेवटची दोन पानं उरली की थांबा आणि गोष्टीची लिंक ग्रुपवर टाका. रात्री पालकांचा फोन हाती आला की मुलं शेवट स्वतःच वाचतात. दुसऱ्या दिवशी ज्याला वाटेल त्याने सांगावा. तात्पर्य मात्र विचारू नका, कॅमेरे पुन्हा बंद होतात.