एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) टायरमधली हवा : या चुका टाळा

मोकळ्या मुरमाच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. उतारावर पुढचं चाक प्रत्येक दगडावरून उडतं आणि तासाभरात मनगटं भरून येतात. असा त्रास झाला की बरेच जण नवा टायर किंवा महागडा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) घ्यायचा विचार करतात. त्याआधी आहे त्या टायरमधली हवा मोजून पाहा. नवीन रायडरच्या टायरमध्ये हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते, आणि ती कमी करायला एक रुपयाही लागत नाही.

टायरवर छापलेला आकडा म्हणजे भरायचा आकडा नव्हे

बऱ्याच साध्या एमटीबीच्या टायरवर ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असा आकडा छापलेला असतो. ती वरची मर्यादा आहे, त्यापलीकडे जाऊ नका एवढंच ती सांगते. तुमचं वजन किती, तुम्ही टेकडीवर जाणार की डांबरी रस्त्यावर, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. दुकानदार मात्र अनेकदा त्याच्या जवळपास हवा भरून सायकल हातात देतो, आणि पुढे तेच चालू राहतं. टायरवर किमान आकडाही दिलेला असेल तर तो पाळा. त्याच्या खाली जाऊ नका.

कडक टायर वेगात पळतो, हा समज

गुळगुळीत रस्त्यावर यात थोडंफार तथ्य आहे. ट्रेलवर, म्हणजे खडबडीत कच्च्या वाटेवर, नाही. कडक टायर दगडावर आला की दबत नाही, त्यामुळे सायकल आणि तुम्ही, दोघंही वर उचलले जाता. पेडल मारून कमावलेली ताकद अशी प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक दगडावर वाया जाते. नरम टायर तोच दगड पोटात घेतो आणि चाक पुढे सरकतं. शिवाय त्याचा जास्त भाग जमिनीला टेकतो, म्हणून वळणावर आणि ब्रेक मारताना पकड चांगली मिळते. पुण्याच्या टेकड्यांवर कातळावर सुटा मुरूम पसरलेला असतो, तिथे हा फरक पहिल्याच उतारावर कळतो.

अंगठ्याने दाबून बघणं

अंगठ्याला टायरच्या भिंतीचा जाडपणा कळतो, आतली हवा नाही. जाड भिंतीचा टायर २० पीएसआयलाही टणक लागतो आणि पातळ टायर ३० ला मऊ. आपल्या कामात दोन-तीन पीएसआयने सगळं बदलतं. तो फरक अंगठ्याने ओळखणं जवळजवळ अशक्य आहे.

पेट्रोल पंपावर हवा भरणंही टाळलेलं बरं. ते यंत्र मोटारीच्या मोठ्या टायरसाठी असतं, सायकलची छोटी ट्यूब त्यावर क्षणात भरते आणि आकडा हुकतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह (हवा भरायची नळी) असेल तर अडॅप्टरशिवाय ते लागतही नाही. घरी गेज (दाब दाखवणारा काटा) असलेला उभा पंप ठेवा. मात्र ज्याचा काटा १६० पर्यंत जातो, त्या पंपावर २० आणि २५ मधला फरक नीट वाचता येत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज मिळाला तर उत्तम. नाही तर निदान दर वेळी एकच पंप वापरा, म्हणजे चूक असली तरी ती सारखीच राहील.

दोन्ही चाकांत सारखी हवा

बसून चालवताना जास्त वजन मागच्या चाकावर येतं. म्हणून पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवा. वळताना भरवसा पुढच्या चाकाचाच असतो, ते नरम हवं.

मग आपला आकडा कोणता?

सुरुवात करायला एक अंदाज देतो. वजन ६५ ते ७० किलो आणि टायर २.२५ इंची धरा. ट्यूब असेल तर पुढे २८, मागे ३१. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) असेल तर पुढे २२, मागे २५. वजन दहा किलोने जास्त असेल तर साधारण दोन पीएसआय वाढवा. २.४ इंची टायरला दोन कमी चालतात, १.९५ ला चारेक जास्त लागतात. हे आकडे फक्त सुरुवातीचे आहेत. पुढचं काम तुम्हालाच ट्रेलवर करायचं आहे.

दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण होईल अशी एक फेरी निवडा. तिच्यात एक खडा चढ, एक सुट्या मातीचं वळण आणि थोडा दगडांचा भाग हवा. पहिली फेरी सुरुवातीच्या आकड्यावर मारा. मग दोन्ही चाकांतून दोन-दोन पीएसआय काढा आणि तीच फेरी त्याच वेगाने पुन्हा मारा. आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. या काळात सीट, सस्पेन्शन कशालाही हात लावू नका, नाही तर कशाने काय झालं ते कळणार नाही. हवा कमी होत जाईल तशी पकड वाढत जाते. मग एका फेरीत दगडावर रिम आपटल्याचा ‘ठक’ असा आवाज येतो, किंवा वळणावर टायर बाजूला दुमडतो आणि सायकल हँडलच्या मागून उशिरा वळल्यासारखी वाटते. तिथे थांबा आणि दोन पीएसआय परत भरा. हाच तुमचा आकडा. ट्यूबलेसवर सगळ्यात वाईट दगडावर कधीतरी एखादा ‘ठक’ चालून जातो. ट्यूब असेल तर एकही नको.

पंक्चर नीट वाचा

ट्यूब बदलली आणि निघालो, असं करू नका. जुनी ट्यूब फुगवून बादलीत बुडवा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा दिसल्या तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली आहे. हवा कमी होती. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर तो बाभळीचा काटा, त्यात हवेचा दोष नाही. तो काटा टायरमध्येच अडकून राहिलेला असतो. टायरच्या आतून कापड फिरवून तो शोधा, नाही तर नवी ट्यूबही तासाभरात बसेल. भोक रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (रिमवरची स्पोकची भोकं झाकणारी पट्टी) सरकलेली असते. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर टायर रिमवर घसरतोय, म्हणजे हवा फारच कमी आहे.

एकदा भरली की महिनाभर बघायचं नाही?

ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते, आठवड्याभरात काही पीएसआय सहज जातात. निघण्याआधी दर वेळी मोजा. तापमान दहा अंशांनी बदललं की सव्वा-दीड पीएसआयचा फरक पडतो, म्हणून थंडीतल्या पहाटे भरलेली हवा दुपारी थोडी जास्त दिसते. मनाली-लेहला जाणाऱ्यांनी उंचीचाही हिशेब धरावा. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि लेहच्या पुढची खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर. वर बाहेरचा दाब कमी असल्यामुळे तीच हवा गेजवर चारेक पीएसआय जास्त दिसते. थंडीमुळे त्यातलं थोडं परत खाली येतं.

पावसाळ्यात ओल्या कातळावर आणि शेवाळलेल्या जांभ्यावर दोन पीएसआय कमी करा. काळ्या मातीच्या चिखलात मात्र हवा कमी करून फार फायदा नाही. चिखल टायरच्या नक्षीत भरून बसतो आणि चाक फ्रेममध्ये अडकतं, तिथे उतरून ढकलणंच शहाणपणाचं.

ट्यूबलेसवाल्यांसाठी अजून एक. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सीलंट (टायरच्या आतलं, भोक बुजवणारं द्रव) लवकर सुकतं. हवा रोज उतरायला लागली तर आधी व्हॉल्व्हचा कोर (आतला सुटा होणारा भाग) काढा, आत बारीक काडी घालून तिला ओल लागते का बघा. काडी कोरडी निघाली तर सीलंट भरायची वेळ झाली.

घरापासून टेकडीपर्यंत डांबरी रस्ता लांब असेल तर घरून ३५ भरून निघा, पायथ्याशी हवा काढा आणि परतताना छोट्या हातपंपाने पुन्हा भरा. पाच मिनिटांचं काम आहे, पण दमलेल्या पायांना त्याने फार आराम मिळतो.