ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर: चालू की बंद?

कॅनन कॅमेऱ्यातली ही सेटिंग जेपेग फोटोमधला अंधारा भाग उजळते आणि कॉन्ट्रास्ट आपोआप जुळवते. रॉमधल्या (सेन्सरच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधल्या) मूळ डेटाला ती हात लावत नाही, म्हणून फक्त रॉ काढणाऱ्यांनी खुशाल बंद ठेवावी. माणूस उन्हाकडे पाठ करून उभा आहे आणि जेपेग लगेच पाठवायचाय? मग ‘स्टँडर्ड’ पुरे. ‘हाय’वर, विशेषतः आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० च्या पुढे, सावल्यांत दाणे उठून दिसतात.

खरी गोची एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची, म्हणजे फोटोतला प्रकाश (एक्स्पोजर) मुद्दाम कमी-जास्त करण्याची. संध्याकाळची छायाकृती हवी म्हणून तुम्ही −१ करता, कॅमेरा फोटो परत उजळतो! अशा वेळी ‘डिसेबल’ करा.

निकॉनच्या अशाच सेटिंगची, अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंगची, गोष्ट निराळी: ते स्वयंचलित मोडमध्ये एक्स्पोजरच थोडं घटवतं, त्यामुळे इतर सॉफ्टवेअरमध्ये रॉही गडद दिसू शकते.