ट्रॅकची रुंदी बोटांनी फिरवा: किकॅडसाठी डाव्या हाताचा नॉब

सर्किट बोर्ड आखायच्या किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये यंत्रमागाच्या पॅनेलचा बोर्ड आखताना बारीक आणि जाड ट्रॅक (तांब्याच्या वाटा) शेजारी शेजारी येतात. बाणा (आडवा धागा) तुटल्याचं सांगणाऱ्या सेन्सरला ०.२५ मिमी पुरतो, माग थांबवणारा सोलेनॉइड २ मिमी मागतो. दर वेळी माउस वरच्या रुंदीच्या यादीपर्यंत नेला की हातही सुटतो आणि नजरही. रुंदी ही चढती-उतरती गोष्ट, तिला नॉबच हवा. माउस उजव्या हातात राहू द्या, नॉब डाव्या हाताला द्या.

सामान: एटीमेगा ३२यू४ चिपचा प्रो मायक्रो (संगणकाला यूएसबी कीबोर्ड म्हणून की पाठवणारा छोटा बोर्ड), ईसी११ रोटरी एन्कोडर (हाच आपला नॉब), सहा पुश बटणं, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, एक स्लाइड स्विच. अर्डुइनो ऊनो घेऊ नका. त्यातली ३२८पी चिप स्वतः यूएसबी कीबोर्ड होऊ शकत नाही.

एन्कोडरच्या तीन पिनांपैकी मधली ग्राउंडला, कडेच्या दोन प्रो मायक्रोच्या पिन २ आणि ३ला जोडा. या दोन्हींवरून ग्राउंडला एकेक कपॅसिटर लावा. बटणं ४ ते ९वर, स्लाइड स्विच १०वर. सगळ्यांचं दुसरं टोक ग्राउंडला. प्रोग्राममध्ये चिपच्या आतले पुल-अप (मोकळ्या पिनला 'हाय' ठेवणारे रेझिस्टर) चालू करा आणि पिन १० ग्राउंड असेल तरच की पाठवा. हा स्विच वगळू नका. प्रोग्राम चुकून सलग अक्षरं टाकू लागला, तर दुरुस्त प्रोग्राम चढवणंही अवघड होतं.

नॉब उजवीकडे फिरवला की 'डब्ल्यू', डावीकडे 'शिफ्ट-डब्ल्यू'. ईसी११ साधारणपणे एका खटक्याला चार काउंट देतो. चारांमागे एकच की पाठवा, नाहीतर रुंदी एकदम चार पायऱ्या उडी मारते.

नॉब फिरतो पण रुंदी हलत नाही? मग बोर्ड सेटअपमधली प्री-डिफाइन्ड साइझेसची यादी रिकामी असणार. तिथे ०.२५, ०.५, १, २ आणि ३ मिमी भरा. बाहेरच्या थरावर, ३५ मायक्रॉन तांब्याचा २ मिमी ट्रॅक साधारण ४ अँपिअरला १० अंशांनी तापतो. ही वाढ पॅनेलच्या आतल्या तापमानावर चढते, आणि मे महिन्यात सोलापुरात बाहेरच पारा ४२च्या पुढे जातो. म्हणून ३ची पायरी हवीच.

बटणांना एक्स (राउटिंग, म्हणजे ट्रॅक आखणं), व्ही (व्हाया, म्हणजे थर जोडणारं छिद्र), स्लॅश (वळणाची बाजू), डी (ड्रॅग), बी (तांब्याचे झोन भरणं) आणि एस्केप द्या. एस्केप अंगठ्याखाली ठेवा, तोच सर्वाधिक लागतो. सहाच्या वर बटणं नकोत. न बघता सापडली नाहीत तर कीबोर्डच बरा.

कीबोर्डची भाषा मराठी इनस्क्रिप्टवर राहिली असेल तर एक्सच्या जागी अनुस्वार आणि व्हीच्या जागी 'न' उमटतो, शॉर्टकट दगा देऊ शकतात. काम सुरू करताना भाषा इंग्रजी करा.

प्रो मायक्रोचा यूएसबी सॉकेट केबलच्या ओढीने पट्ट्यांसकट उखडतो. डबीत बसवण्याआधी त्याच्याभोवती हॉट ग्लू भरा. मागाच्या शेडमध्ये वापरायचं असेल तर डबी बंदच हवी, सुताची बारीक धूळ एन्कोडरच्या संपर्कांत शिरते.