नवी असेंब्ली लाइन, नवी भरती: या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर सर्वांत महागात पडणारी चूक मुलाखतीच्या आधीच होते. किती माणसं लागतील, हे अंदाजाने ठरवलं जातं. आठ तासांच्या पाळीतून चहा-जेवणाची ५० मिनिटं वजा केली की ४३० उरतात. रोज ८६० नग काढायचे, म्हणजे दर ३० सेकंदांना एक. एका नगाचं हातकाम २० मिनिटांचं असेल तर कागदावर ४० जण पुरतात. प्रत्यक्षात काम प्रत्येक जागेवर सारखं वाटलं जात नाही. ८५ टक्के समतोल धरला (म्हणजे प्रत्येकाचा सरासरी ८५ टक्के वेळच कामात जातो) तरी ४८ लागतात, शिवाय चार-पाच रिलीव्हर, म्हणजे जागा सोडलेल्याच्या जागी बसणारे. नेमके ४० घेतले, तर पेरणीच्या किंवा गणपतीच्या आठवड्यात लाइन बसलीच म्हणून समजा.

आयटीआयचं प्रमाणपत्र पाहून कुणाला थेट सोल्डरिंगला बसवू नका. आधी जवळची नजर तपासा (चष्मा असेल तर लावून), रंगांची चाचणी घ्या, मग भंगारातला पीसीबी (सर्किटची पाटी) आणि २० डायोड हातात द्या. किती वेळ लागला यापेक्षा अंगावरच्या पट्टीची दिशा बघून डायोड बसवले का, ते पाहा. वेग सरावाने येतो. खुणेकडे न बघणाऱ्याने उद्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा लावला, तर वीज देताच तो फुटू शकतो. लाल-हिरवा ओळखता येत नसेल तर उमेदवार बाद करायची गरज नाही. वायरिंगऐवजी स्क्रू-फिटिंग किंवा पॅकिंग द्या.

रिस्ट स्ट्रॅप (अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवणारा मनगटाचा पट्टा) बाहीवरून बांधणं ही नवख्यांची नेहमीची खोड. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवतही नाही, पण काही इलेक्ट्रॉनिक भाग १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणून नुसतं सांगून पटत नाही. टेस्टरवर बाहीवरून लाल दिवा, कातडीवर हिरवा, असं दाखवा. कातडीवरही लालच आला तर पट्टा सैल आहे, कातडी कोरडी आहे किंवा वायर आतून तुटली आहे.

भरतीनंतर रीवर्क (सदोष नगांची दुरुस्ती) वाढलं? सगळे नवे एकाच दिवशी, शेजारी-शेजारी बसवलेत का ते आधी पाहा. सुरुवातीला पाचात एकच नवा बरा. मग दोष जागेनुसार मोजा. दोन्ही पाळ्यांत एकाच जागेवर तोच दोष येत असेल तर माणूस नव्हे, फिक्स्चर (नग धरून ठेवणारा साचा) तपासा.

पहिल्या पगारानंतर माणसं गळतात, कारण सांगितलेला आकडा आणि हातात आलेली रक्कम वेगळी निघते. पीएफ, ईएसआय, कॅन्टीन कापून उरणारी रक्कम रुजू होण्याआधीच लिहून द्या. पाळी कधी बदलते आणि बस कोणत्या थांब्यावर किती वाजता येते, तेही त्याच कागदावर.